जुन्या विमा पॉलिसी हुडकून देणाऱ्यांचा अनुभव : पाचपैकी चार तारे

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसमध्ये आमची चार गाळ्यांची एक बैठी इमारत आहे. टोकाच्या गाळ्यात १९६९ ते १९९१ ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. आम्ही जागा घेतली २००३ मध्ये, तेव्हा तिथे केस कापायचं दुकान होतं. मातीची तपासणी करून घ्या असं वकील म्हणाले होते. मी ते दोन-तीन हजार डॉलर वाचवले. ही माझी हुशारी.

तीन वर्षांपूर्वी इमारत विकायला काढली आणि गिऱ्हाइकाच्या बँकेने जमिनीला भोकं पाडायला लावली. खाली पर्क निघालं, म्हणजे कपडे धुवायचं ते रसायन. ते पाण्यापेक्षा जड असतं. यंत्राच्या सेपरेटरमधलं, म्हणजे रसायनातून पाणी वेगळं करणाऱ्या भागातलं, पाणी वर्षानुवर्षं गटारात सोडलं की फुटक्या पाइपातून खाली उतरत जातं आणि भूजलाच्या तळाशी जाऊन बसतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, आमचा आकडा चार अंकी होता. साफसफाईचा अंदाज चार लाख डॉलर. इथला १९८० चा सुपरफंड कायदा सांडलं कुणी ते विचारत बसत नाही, आज जागा ज्याची त्यालाही धरतो. सांडलं कुणी, निस्तरायचं कुणी!

वकिलांनीच या मंडळींचा नंबर दिला. धंद्याचं नाव ‘इन्शुरन्स आर्किऑलॉजी’. मला आधी थट्टाच वाटली. पण मुद्दा सरळ आहे. त्या काळच्या जनरल लायबिलिटी पॉलिसीत, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्यात, नुकसान ज्या वर्षी झालं त्या वर्षीची पॉलिसी जबाबदार असते, दावा चाळीस वर्षांनी आला तरी. १९८६ च्या सुमारास कंपन्यांनी प्रदूषण सरसकट वगळलं. त्याआधी, सत्तरच्या दशकात, ‘अचानक आणि अपघाताने’ झालेलं तेवढं द्यायचं अशी मेख होती, आणि त्या ‘अचानक’वर कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं झाली. आमची स्वतःची पॉलिसी २००३ नंतरची, तिचा इथे काही उपयोग नव्हता. हवी होती त्या ड्रायक्लीनरची. तो वारलेला. त्याची बायको आहे, ८४ वर्षांची, गावाबाहेर एकटी राहते.

शोधाचं काम करणाऱ्या बाई पूर्वी विमा कंपनीत क्लेम बघायच्या. ड्रायक्लीनरच्या घरच्या तळघरात दोन दिवस बसल्या. मी पहिल्या दिवशी बरोबर होतो. भट्टीशेजारी बुटांचे अकरा खोके, वर ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा. पॉलिसी एकही नाही. बाईंच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. त्या चेकबुकांची अर्धुकं, म्हणजे चेक फाडल्यावर मागे राहणारे तुकडे, काढून वाचत होत्या. १९७४ च्या एका अर्धुकावर पेन्सिलीने हप्त्याची रक्कम आणि शेजारी एक नंबर. दुसऱ्या दिवशी भाडेकराराला गंजक्या पिनेने टाचलेलं विम्याचं सर्टिफिकेट सापडलं, कार्बनची जांभळी प्रत, नंबर तोच. नंबराच्या पहिल्या तीन अक्षरांवरून बाईंनी पॉलिसीचा प्रकार सांगितला. ती कंपनी मध्यंतरी दोनदा विकली गेली होती, तरी आज तिची देणी कुणाच्या डोक्यावर आहेत तेही त्यांनीच काढलं. मूळ कागद नव्हता, म्हणून त्या सालचा छापील नमुना जोडला. या कामाला पाच तारे कमीच.

खर्च तासावर. साडेचार हजार सांगितले होते, सात हजार दोनशे झाले. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. लायबिलिटीची पॉलिसी उघडायची तर विमेदारावर कुणीतरी दावा लावावा लागतो. म्हणजे आम्ही त्या आजींना नोटीस पाठवायची. हे या लोकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण आजींना कुणी सांगितलंच नाही. नोटीस गेली आणि रात्री साडेनऊला त्यांचा मला फोन. “तुम्ही माझ्या तळघरात कॉफी प्यायलात आणि आता माझं घर घेणार?” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको जाऊन बसलो. तुमचा वकील विमा कंपनीने द्यायचा, पैसे तिने भरायचे, घराला कुणी हात लावत नाही, हे तीनदा समजावलं. त्यांनी मान हलवली, पण त्या दिवशी कॉफी विचारली नाही. एक तारा इथे कापला.

पुढचं थोडक्यात. अकरा महिन्यांनी विमा कंपनीने ‘हक्क राखून’, म्हणजे पुढे नाकारायची मुभा ठेवून, का होईना, वकिलाचा आणि तपासणीचा खर्च उचलला. तो पॉलिसीच्या मर्यादेतून वजा होत नाही, हीच खरी गंमत, कारण मर्यादा वर्षाला जेमतेम एक लाख. इंडियानात आहोत हे नशीब. १९९६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने कायगर खटल्यात, पेट्रोलपंपाच्या पॉलिसीतला ‘प्रदूषक’ हा शब्द संदिग्ध ठरवला, आणि २०१२ मध्ये फ्लेक्सडार या रबरी शिक्के बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात, पर्कच्याच भावकीतल्या रसायनाबाबत, तेच म्हटलं. त्यामुळे प्रदूषण वगळणारं कलम इथे टिकलं नाही आणि १९८६ नंतरची वर्षंही मोजणीत आली. इतर बऱ्याच राज्यांत तिथेच दार बंद झालं असतं.

कुणी या वाटेने जाणार असाल तर आधी कंपनीला कळवा, मग माती उपसा. आधी खर्च करून बिल पाठवलंत तर ती हात वर करते. आमचा पहिल्या भोकांचा खर्च असाच गेला.

आणि हो, आजींचे अकरा खोके अजून या शोधणाऱ्यांच्याच ऑफिसात आहेत. नवऱ्याच्या हस्ताक्षरातले कागद आहेत, आजी परत हवेत म्हणतात. मी दोनदा मेल केलाय. खोके पोचले की पाचवा तारा देईन.