स्मार्ट आरओ, एका वर्षानंतर: पाणी चांगलं, कॅलेंडर वाईट

आमचं आरओ बिघडलेलं नाही. पंप चालतो, टाकी भरते, गळती कुठेही नाही. तरी गौरी जेवणाच्या आदल्या संध्याकाळी त्याने पाणी द्यायचं बंद केलं. पॅनेलवर लाल दिवा आणि मोबाइलवर निरोप: 'फिल्टर लाइफ ० टक्के. आपल्या सुरक्षेसाठी पाणीपुरवठा थांबवला आहे.' पारदर्शक टाकीत गळ्यापर्यंत पाणी दिसतंय, बटण दाबलं की नुसता 'टुक' असा आवाज येतोय आणि घरात पाहुणे. शेवटी वीस लिटरचे जार मागवले. माझ्या सुरक्षेसाठी.

कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून पूर्ण मिटलेली नाही. मशीन नेहमीचंच आहे: सेडिमेंट (गाळ अडवणारा फिल्टर), कार्बन, मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा), यूव्ही (जंतू मारणारा दिवा), शेवटी मिनरलची कांडी, आणि वर वाय-फाय. मागच्या श्रावणात जुनं एक्स्चेंजला देऊन घेतलं. या किमतीत वाय-फाय नसलेलं मॉडेल दुकानात शिल्लकच नव्हतं, म्हणून स्मार्ट आलं. जोडताना त्याला २.४ गिगाहर्ट्‌झचंच नेटवर्क लागतं, मोबाइल नंबर लागतो, लोकेशन लागतं. पाणी गाळायला लोकेशन कशाला, हे विचारायचं नसतं.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच आहे. पाण्याची चव उत्तम, आवाज कमी, रात्री पॅनेलचा उजेड मंद होतो. सासूबाईंना अंधारात बटण सापडतं. वर्षात एकदाही गळलं नाही. आधीच्या मशीनची पाइप दर पावसाळ्यात निसटायची आणि ओट्याखालचं प्लायवूड फुगायचं, त्या मानाने सुख आहे.

आता नाशिकच्या पाण्याचं बघू, कारण सगळा वाद तिथूनच सुरू होतो. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. आमच्याकडे मनपाचं पाणी इगतपुरी तालुक्यातल्या मुकणे धरणातून, विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रामार्फत येतं. जुन्या शहराला गंगापूर धरणाचं. दोन्हीकडे सह्याद्रीवर पडलेला पाऊसच साठतो, त्यामुळे क्षार कमी. एम. जी. रोडवरून अडीचशे रुपयांचा टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा) आणला आणि नळाखाली धरला, तर १२० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस ५०० पर्यंत चालेल असं म्हणतं; दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. राष्ट्रीय हरित लवादाने तर २०१९ मध्ये, जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी आणा, असं केंद्र सरकारला सांगितलं होतं. म्हणजे मुकण्याच्या पाण्याला मेम्ब्रेनची गरजच नाही. गढूळपणा आणि जंतू यांची सोय लागते, ती यूव्ही आणि साधा गाळणारा फिल्टर करतात.

मीटर हातात आला की माणूस थांबत नाही. मशीनमधून बाहेर पडणारं पाणी मोजलं: ३५ ते ४०. मग काळ्या नळीतून वाया जाणारं मोजलं: दीडशेच्या थोडं वर. ज्या पाण्याची बादली भरून आम्ही फरशी पुसतो, ते टीडीएसच्या हिशोबाने पिण्याच्या मानकात आरामात बसतं. आणि घरगुती आरओत एक लिटर प्यायला मिळवताना सुमारे तीन लिटर असं वाया जातं. हे कळल्यापासून आमच्या बाल्कनीत बादल्यांची रांग आहे. मी काटकसरी आहे, बायको याला वेगळा शब्द वापरते.

त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत माझं मत पक्कं होतं की नाशिकमध्ये आरओ हा पैशांचा धूर. ते मत एप्रिलने बदललं. धरणात पाणी होतं, पण आमच्याकडे दाब कमी झाला आणि सोसायटीने नेहमीप्रमाणे बोअरचं पाणी वरच्या टाकीत सोडायला सुरुवात केली. मीटर थेट ६४० वर. चहावर तवंग, डाळ शिजता शिजेना, गिझरच्या तोटीला पांढरं पीठ. त्या दिवसांत मशीनमधून येणारं पाणी सत्तरच्या आसपास होतं. दोन महिने त्याने पैसे वसूल करून दिले, हे मान्य. शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांमध्ये, जिथे बोअर आणि टँकरवर उन्हाळा निघतो, तिथे आरओ हवंच. हरित लवादाचा आकडा धरणाच्या पाण्याला बरोबर लागू होतो, आमच्या वरच्या टाकीला नाही.

पण मला लिहायचंय ते त्या टक्क्यांबद्दल. अ‍ॅप उघडलं की मोठ्या हिरव्या गोलात 'फिल्टर लाइफ' दिसतं. माझी समजूत अशी होती की स्मार्ट मशीन आहे, आत सेन्सर आहे, तर हे टक्के पाणी तपासून काढत असेल. मे महिन्यात आम्ही सगळे कळवणला होतो, घराचा मेन स्विच बंद करून. निघताना मुलीने त्या गोलाचा स्क्रीनशॉट घेऊन घरच्या ग्रुपवर टाकला होता, कशासाठी ते तिलाच ठाऊक. त्यात २९ टक्के होते. परत येऊन स्विच लावला, वाय-फाय जोडलं गेलं आणि गोल २३ वर आला. वीज नाही, पाणी नाही, एक थेंब गाळला नाही, तरी फिल्टर सहा टक्के 'संपला'. म्हणजे हे यंत्र पाणी मोजत नाही, तारीख मोजतं.

त्याच अ‍ॅपमध्ये खाली बारीक अक्षरात एकूण लिटर दिसतात. वर्षभरात आम्ही चार हजार लिटरही वापरले नाहीत. पुस्तिकेत फिल्टरची क्षमता सहा हजार लिटर छापलेली आहे. पुढे मात्र ते ओळखीचं वाक्य आहेच: 'किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.' वॉरंटीही नेमकी एक वर्ष. दोन्ही एकाच आठवड्यात संपले.

टोल-फ्रीवर फोन केला. अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा, शेवटी माणूस भेटला. फिल्टरचा संच ३,८०० रुपये, व्हिजिट चार्ज वेगळा; त्यापेक्षा ५,५०० ची एएमसी (वर्षाचा देखभाल करार) घ्या, त्यात सगळं येतं. मी म्हटलं, फिल्टर चांगला आहे, फक्त पाणी चालू करून द्या. उत्तर आलं, 'सर, फिल्टर बदलल्याशिवाय मशीन रीसेट होत नाही, तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही.' हे 'शक्यच नाही' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा सर्व्हिसवाला मुलगा आला. कामाचा होता. पुढचा सेडिमेंट काढून बघितला, थोडा मातकट झाला होता. पावसाळ्यात ते होणारच. शिवाय कुंभमेळ्यासाठी रस्ते खोदून ठेवलेत, कुठे ना कुठे पाइप फुटतो आणि नळाला चहाच्या रंगाचं पाणी येतं. मेम्ब्रेनचं पाणी त्याने स्वतःच्या मीटरने मोजलं आणि म्हणाला, 'काका, मेम्ब्रेन एकदम चांगलंय, अजून वर्षभर बघायला नको. पण सिस्टीम घेत नाही ना. नवीन फिल्टरवरचा कोड टाकल्याशिवाय लॉक निघत नाही.' म्हणजे बाहेरून तोच फिल्टर आणून बसवला तरी उपयोग नाही. सिडकोतल्या आमच्या नेहमीच्या फिल्टरवाल्याने सेडिमेंट आणि कार्बन मिळून साडेसातशे सांगितले होते, बसवण्यासकट. लॉकपुढे त्याचाही इलाज नव्हता. तो म्हणाला, 'भाऊ, आता हे असलंच येतंय, मी वाय-फायवाल्याला हातच लावत नाही.' गाडीची पीयूसी संपली म्हणून इंजिनच चालू होऊ नये, असा हा प्रकार.

इथे कंपनीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती मला कंपनीने नाही, मेहुण्यांनी सांगितली. ते दिंडोरी तालुक्यात ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक, म्हणजे गावाच्या पाण्याची देखरेख करणारे, आहेत. गौरीला आले होते, जारचं पाणी पिताना विषय निघाला. ते म्हणाले, 'दाजी, तुमचा मीटर कार्बनबद्दल काहीच सांगत नाही.' बरोबर आहे. टीडीएस मीटर फक्त पाण्यातून वीज किती जाते ते बघून क्षारांचा अंदाज देतो. क्लोरीन त्याला कळत नाही, जंतू तर नाहीच. कार्बनचं काम क्लोरीन अडवायचं, आणि क्लोरीन पुढे गेलं तर मेम्ब्रेनच खराब होतं. नळाच्या पाण्यात शेवटच्या घरापर्यंत लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेलं असावं असं मानक आहे, त्यामुळे कार्बनला रोजचं काम आहे. त्यांच्या गाडीच्या डिकीत क्लोरीन ओळखणाऱ्या ओटी टेस्टची बाटली होतीच. नळाच्या पाण्यात थेंब टाकले, पिवळं झालं. मग त्यांनी हाऊसिंग उघडून कार्बनच्या पुढच्या पाइपमधून ग्लासभर पाणी घेतलं. थेंब टाकले, पांढरं स्वच्छ. कार्बन जिवंत होता. पण मेहुण्यांचं म्हणणं, 'पुढच्या दोन-तीन महिन्यांत बदला, तो मरताना सांगत नाही.' पटलं.

म्हणजे वर्षाची आठवण करून देण्यात चूक नाही. दिवा लावा, पिपाणी वाजवा, रोज मेसेज टाका. पण माझ्या ओट्यावर, माझ्या पैशांनी घेतलेल्या यंत्राच्या टाकीत गाळून तयार असलेलं पाणी अडवून ठेवणं ही आठवण नव्हे, वसुली आहे. आणि खरंच सुरक्षेची काळजी असती तर एप्रिलमध्ये टीडीएस पाचपट झाला तेव्हा अ‍ॅपने काहीतरी बोलायला हवं होतं. तेव्हा गोल हिरवाच होता. अ‍ॅपला पाण्याचं काही पडलेलं नाही. त्याच महिन्यात त्याने एएमसीच्या सवलतीचे निरोप मात्र न चुकता पाठवले, एक तर रात्री अकराला.

अ‍ॅपमधल्या चॅटवर 'तुमची अडचण समजली' म्हणणारा बॉट आहे. त्याला काहीही लिहा, तो फिल्टर विकत घेण्याचं पान उघडून देतो. 'फिल्टर नको, रीसेट हवा' असं मराठीत लिहिलं तर हिंदीत तेच पान. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली: मुलीचा तो स्क्रीनशॉट, लिटरचा आकडा, पुस्तिकेचं पान आणि त्यांच्याच मुलाने कार्डावर लिहिलेलं मेम्ब्रेनचं रीडिंग जोडलं. सोबत लिहिलं की जमलं नाही तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. हे वाक्य जरूर लिहा. पहिल्या फोनला ज्या आवाजाने 'शक्यच नाही' म्हटलं होतं, त्याच्या वरच्या एका आवाजाने आठवड्याच्या आत स्वतःहून फोन केला.

आणि मग जे झालं त्याने माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. ती बाई म्हणाली, 'सर, वाय-फाय चालू आहे ना? मशीनजवळ थांबा.' दिवा लाल होता, मग निळा झाला, गोलात 'विशेष मुदत, ९० दिवस' असं आलं. कोणी घरी आलं नाही, फिल्टर बदलला नाही, कोड टाकला नाही. पुण्यात की बंगळुरात बसून कुणीतरी एक बटण दाबलं. मी विचारलं, मग हे आधी का नाही केलं? त्या म्हणाल्या, 'ही सोय फक्त तक्रारीच्या केसमध्ये असते.' तेव्हा तक्रार करा, सोय तिथेच ठेवलेली आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. त्यात घरगुती उपकरणंही घेतली आहेत. पण दुरुस्तीची गरजच नसलेलं यंत्र बाहेरून कुलूप लावून बंद करता येतं, यावर तिथे मला काही सापडलं नाही. मी वाय-फाय तोडून बघितलं, टक्के आतल्या आतही उतरतात. त्यामुळे तोही मार्ग नाही.

सध्याची स्थिती अशी: ९० दिवस दिवाळीनंतर संपतात. तोपर्यंत कार्बन बदलायचाच आहे, आणि लॉकमुळे तो कंपनीचाच घ्यावा लागणार. एएमसी घेणार नाही. सुटा सेडिमेंट-कार्बनचा संच त्यांच्याकडे १,६०० ला मिळतो हे टोल-फ्रीवर आपणहून सांगत नाहीत, नाव घेऊन मागावा लागतो. मेम्ब्रेनला हात लावू देणार नाही. पाणी बारीक व्हायला लागलं किंवा आतलं रीडिंग चढायला लागलं की बघू.

घेणाऱ्यांसाठी एवढंच. वर्षभर फक्त मनपाचं पाणी येत असेल तर यूव्ही पुरे, पैसे आणि बादल्या दोन्ही वाचतील. बोअर किंवा टँकर मिसळत असतील तर आरओ घ्या, पण दुकानात उभं राहून एकच प्रश्न विचारा: फिल्टरची तारीख संपल्यावर पाणी येत राहतं का? विक्रेत्याने 'सर, तसं काही नसतं' म्हटलं तर ते बिलावर लिहून घ्या. सोसायटीत बोअर कुठल्या महिन्यात सोडतात ते सेक्रेटरीला विचारा. आमच्याकडे ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं, फक्त कोणी बघत नाही.