संत्र्याची फळगळ अन् वन नेशन वन सबस्क्रिप्शन: वर्षभर वापरल्यावरचा रिव्ह्यू

मी नागपूरच्या एका सरकारी कॉलेजात पीएचडी करून राहिली आहे, विषय आंबिया बहारातली (म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याच्या फळांची) संत्र्याची फळगळ. आधी एकेका रिसर्च पेपरसाठी सिनियर लोकांना मेसेज टाकावे लागत, पैसे भरून घेणं तर परवडतच नाही. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी कॉलेजांसाठीची केंद्र सरकारची स्कीम सुरू झाली, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, अन् लायब्ररीच्या नेटवर बसलं की सायन्सडायरेक्ट, विली, स्प्रिंगर सगळ्यांच्या पीडीएफ सरळ उघडतात. पहिल्या दिवशी मला खरंच भरून आलं होतं.

पण पेपर उघडणं वेगळं अन् सापडणं वेगळं. मी नुसतं ऑरेंज टाकलं तर मिथाईल ऑरेंज नावाच्या रंगाचे, सांडपाण्यातून तो कसा काढायचा याचेच पेपर येत राहिले, नाहीतर मोसंबीसारख्या फळांच्या ज्यूसचे. मग आमच्या लायब्ररीतल्या सरांनी शेजारी बसवून शिकवलं, अन् ते अर्ध्या तासाचं शिकणं मला सगळ्यात कामाचं वाटतं. नागपूर मॅन्डरिन हे दोन शब्द अवतरण चिन्हात टाकायचे, शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा वेगळं शोधायचं, फ्रूट ड्रॉप अन् अ‍ॅब्सिशन या दोघांमध्ये कॅपिटलमध्ये ऑर (OR, म्हणजे यातला कोणताही चालेल) लावायचं कारण फळगळीला कोणी हे म्हणतं कोणी ते, आणि हे फळाच्या नावाला अँडने (AND, म्हणजे दोन्ही हवेत) जोडायचं. हजारोंची यादी एकदम वाचता येईल एवढी झाली. त्यातला एक चांगला पेपर धरून गूगल स्कॉलरवर सायटेड बाय (म्हणजे त्याचा संदर्भ देणारे पेपर) दाबलं की त्याच्यानंतरचं काम पण सापडतं.

आपल्या भागावरचं बरंचसं काम मात्र मोठ्या प्रकाशकांकडे नसतंच. त्याच्यासाठी आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) साईटवर इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल सायन्सेस पाहा, फुकट आहे, अन् जुने प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या पीएचडी प्रबंधांच्या साईटवर.

एक स्टार मी कापते, कारण खाजगी कॉलेजं यात अजून नाहीत. माझी मैत्रीण माझ्याइतकीच मेहनत करते, तिला मात्र दारच बंद, हे मला पटत नाही. तिने डीओएजे या खुल्या जर्नल्सच्या यादीच्या साईटवर शोधावं, तिथली जर्नल्स सगळ्यांना खुली असतात.

अन् सुट्टीत गावी जायच्या आधी कॅम्पसबाहेरचं लॉगिन लायब्ररीतून सुरू करून घ्या. माझं राहिलं, काटोलला दिवाळीचे आठ दिवस एकही पेपर उघडला नाही.