लॅब सेफ्टीच्या नावाखाली आमच्या कॉलेजला कसं फसवलं, फ्यूम हूड घेणाऱ्यांनी जरूर वाचा

मी मुंबईत सेंट्रल लाईनवरच्या एका अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आमची लॅब खूप जुनी, लाकडी ओटे, एकच गंजलेला एक्झॉस्ट फॅन, आणि सॉल्ट ॲनालिसिस काय किंवा नायट्रिक ॲसिडचं काम काय, सगळं त्याच हवेत. पोरं दोन तास थांबून निघून जातात, पण आमचे लॅबमधले मामा दिवसभर तिथेच रिएजंट बनवत असतात, सगळ्यात जास्त वाफा त्यांच्या छातीत जातात. किती वर्षं मागत होतो तेव्हा मॅनेजमेंटने फ्यूम हूडसाठी, म्हणजे वाफा आत ओढून डक्टने (मोठ्या पाईपने) बाहेर टाकणाऱ्या काचेच्या कपाटासाठी, थोडे पैसे मंजूर केले, ते पण नॅकची, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेची, टीम यायच्या आत काम पूर्ण पाहिजे या अटीवर, आणि ही घाई सप्लायरने बरोबर हेरली.

नियमाप्रमाणे तीन कोटेशन आली, सगळ्यात कमी रेटवाल्याला ऑर्डर गेली, निम्म्याहून जास्त ॲडव्हान्स पण गेला. नंतर ऑफिसमधल्या ताईंनी फाईल नीट बघितली तर दोन कोटेशनच्या जीएसटी नंबरमध्ये पॅन एकच! जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि त्यापुढची 10 अक्षरं म्हणजे धंदेवाल्याचा पॅन. लेटरहेड वेगळे, सह्या वेगळ्या, माणूस एकच. हे कोटेशन उघडतानाच दोन मिनिटांत तपासता येतं, जीएसटीच्या साईटवर नंबर टाकला की नाव पण दिसतं.

आता मेन गोष्ट, हूड. बसवल्यावर त्याने प्रिन्सिपल सरांसमोर काचेखाली टिश्यू पेपर धरला, तो आत ओढला गेला, सगळे खूश, वर एक टेस्ट सर्टिफिकेट पण दिलं. पण टर्म सुरू झाली आणि शेजारच्या क्लासमधून तक्रारी यायला लागल्या की डोळे चुरचुरतात, घसा धरतो. शेवटी इलेक्ट्रिशियनला शिडी लावून वर चढवलं, फॉल्स सीलिंगची टाईल काढली तर डक्ट तिथेच हातभर वर जाऊन उघडा सोडलेला!! बिलात टेरेसपर्यंतच्या डक्टचे पैसे लावलेत आणि सगळा धूर सीलिंगवरून शेजारच्या क्लासमध्ये. टिश्यू ओढला जाणारच ना, ब्लोअर चालू होता, पण हवा ओढली जाते म्हणजे बाहेर जाते असं नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा. तांबं आणि नायट्रिक ॲसिडचा जो तपकिरी धूर येतो तो नायट्रोजन डायऑक्साईड, त्याचा त्रास कधीकधी लगेच जाणवत नाही, काही तासांनी फुफ्फुसात पाणी होऊ शकतं. एखादा मुलगा घरी गेल्यावर सिरियस झाला असता तर लॅबचा संबंध कोणी लावला पण नसता, या विचाराने मला अजून राग येतो.

मग बाकीचं पण तपासलं. ब्लोअर प्लास्टिकचा म्हणून लिहिलेला, लोहचुंबक लावला तर चिकटला, म्हणजे रंग मारलेलं साधं लोखंड, ॲसिडच्या वाफा आणि आपल्याकडची पावसाळी हवा, किती टिकणार. आतलं लायनिंग एफआरपीचं (फायबर मिसळलेलं प्लास्टिक) सांगितलेलं, निघालं प्लायवर सनमायका, कडा आताच फुगल्यात. हवेचा वेग काचेच्या तोंडाशी साधारण 0.4 ते 0.5 मीटर पर सेकंद लागतो, सर्टिफिकेटवर तेवढाच छापलेला, पण फिजिक्सवाल्यांचा ॲनिमोमीटर लावून मोजला तर निम्मा पण भरला नाही.

याच सप्लायरने भरून दिलेल्या फायर एक्स्टिंग्विशरमध्ये पण तेच. सीओटूच्या सिलेंडरला प्रेशर गेज नसतो, भरलाय की नाही ते वजनावरूनच कळतं, रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावर पंच केलेलं असतं. 4.5 किलोच्या सिलेंडरवर रिफिलचं नवंकोरं स्टिकर आणि स्टोअरच्या काट्यावर ठेवला तर आत अर्धा पण गॅस नाही. महाराष्ट्रात 2006 च्या फायर कायद्याप्रमाणे हे काम लायसन्सवाल्या एजन्सीकडूनच करून घ्यायचं असतं आणि यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, या माणसाकडे लायसन्सच नव्हतं. आयवॉशचं (डोळे धुवायच्या नळाचं) कनेक्शन तर अशा लाईनवर दिलंय जिला फक्त बीएमसीचं पाणी येतं तेवढाच वेळ धार, डोळ्यात ॲसिड उडालं तर 15 मिनिटं सलग धुवायला लागतं, ते दुपारी कुठून धुणार.

सप्लायर आधी "मॅडम, उद्या माणूस पाठवतो" म्हणत राहिला, मग फोन उचलणंच बंद. साकीनाक्याच्या पत्त्यावर गेलो तर गाळा दुसऱ्याच कोणाचा. राहिलेलं बिल अडवलंय, वकिलाची नोटीस गेलीय, पोलिसात अर्ज दिलाय, पण ॲडव्हान्स परत येईल असं मला वाटत नाही.

सध्या हूड सील केलाय. सॉल्ट ॲनालिसिस थेंबांवर आणलंय, जिथे टेस्ट ट्यूब भरून ॲसिड घ्यायचो तिथे आता ड्रॉपरने चार-पाच थेंब, याला एक रुपया लागला नाही आणि धूर खूपच कमी झाला. टेरेसपर्यंत पीव्हीसी डक्टचं काम नव्याने द्यायचंय, यावेळी ऑर्डरमध्येच लिहून घेणार आहोत की टेरेसवर डक्टचं तोंड आमच्या माणसाने डोळ्याने बघितल्यावर आणि वेग आमच्या मीटरवर मोजल्यावरच पेमेंट, आणि त्या कागदावर मामांची पण सही लागणार.