आईचं वय वंदना कार्ड: आठ महिने वापरून झाल्यावर

आयुष्मान भारत योजनेतलं, म्हाताऱ्या माणसांसाठीचं हे कार्ड काढू म्हटलं तर आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" वय 73. सत्तरी गाठली की उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधारवरचं वय पुरतं. 29 ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते 5 लाख दोघांत मिळून.

आईनं सोलापुरात चाळीस वर्षं विड्या वळल्या. अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत. केंद्रावरच्या पोरानं बोट पुसून, फुंकर मारून सहा वेळा लावून पाहिलं, यंत्र काही ओळखेना. ओटीपी जायचा तो आधारला जोडलेल्या जुन्या बंद नंबरावर. नंबर बदलण्यातच पंधरा दिवस गेले. तेव्हा आधी आधारला चालू मोबाइल जोडा, मगच कार्डाच्या नादी लागा.

मार्चमध्ये रात्री छातीत कळ आली. योजनेतल्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथं योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर कार्ड दिलं, मंजुरीसाठी कागद गेले, दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी. खाट, तपासण्या, जेवण, स्टेंट, सगळं कार्डावर. एवढं सुरळीत होईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. फक्त एकानं कोपऱ्यात घेऊन "वरचं सामान पॅकेजमध्ये बसत नाही, सात हजार रोख द्या" म्हटलं. "लिहून द्या" म्हणालो आणि त्याच्यासमोरच योजनेचा हेल्पलाइन नंबर 14555 लावला. फोन लागायच्या आत विषय मिटला. पण शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या मुलानं तोवर पैसे भरले होते, पावतीशिवाय.

खरी अडचण घरी आल्यावर. डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांची औषधं योजनेतून मिळतात. सोळाव्या दिवसापासून कार्ड कपाटात. ओपीडी यात नाही, त्यामुळे बीपी, साखर, रक्त पातळ ठेवायची गोळी, सगळं खिशातून. मेडिकलचं महिन्याचं बिल 1900, आईची श्रावणबाळची पेन्शन 1500. डॉक्टरांना विचारून जनऔषधीतून घ्यायला लागलो तेव्हा बिल 700 वर आलं.

हे सुचायलाही उशीर झाला. मे महिन्यात पाकिटं मोजली तर गोळ्या जास्त निघाल्या. रक्ताची गोळी आई दिवसाआड घेत होती. विचारलं तर म्हणाली, "संपली की तुला परत आणायला लागतीय."