शाबासकीची घाई: एका शिकवणी ॲपचे परीक्षण

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी आणि ‘तुमच्या मुलाच्या भावना ओळखून शिकवणारी’ अशी जाहिरात करणारी जी ॲप्स सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहेत, त्यांपैकी एक आम्ही सहावीत, सेमी-इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या भाचीसाठी घेतले. त्याचे नाव येथे देत नाही. अशा बहुतेक ॲप्सच्या पोटात मोजक्या मोठ्या कंपन्यांचीच भाषा-प्रारूपे (माणसासारखा मजकूर तयार करणाऱ्या संगणकीय प्रणाली) असतात, वरचा रंग आणि बाहुली तेवढी बदलते. त्यामुळे एकाबद्दलचे निरीक्षण बऱ्याच अंशी दुसऱ्यालाही लागू पडावे. मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. साहजिकच माझी कसोटी एकच होती: मुलाविषयी कळकळ असलेला शिक्षक वर्गात ज्या गोष्टी करतो, त्यांतल्या कोणत्या या यंत्राने उचलल्या आहेत आणि कोणत्या नुसत्या बोलण्यात राहिल्या आहेत?

जमेची बाजू मोठी आहे आणि ती आधी सांगितली पाहिजे. एकच शंका कितीही वेळा विचारली तरी ॲपचा आवाज चढत नाही, मागच्या बाकावरून कोणी हसत नाही आणि ‘कालच तर सांगितलं होतं’ हे आम्हा शिक्षकांचे ठेवणीतले वाक्य ऐकावे लागत नाही. भाची वर्गात हात वर करत नाही, पण येथे ती निम्मी मराठी, निम्मी इंग्रजी अशा भाषेत आणि रोमन लिपीत बिनदिक्कत प्रश्न टंकते आणि ॲपला ते कळतात. तयार उत्तर हातात न देता उलट प्रश्न विचारण्याची पद्धतही बऱ्यापैकी पाळली जाते. खान अकॅडमीने मार्च २०२३ मध्ये आणलेल्या ‘खानमिगो’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिकवणी-सहायकाने हीच पद्धत ठळकपणे पुढे मांडली होती. मांडणी, चित्रे, वेग यांबद्दल तक्रार नाही.

खरी परीक्षा होते ती मूल चुकते तेव्हा. भाचीने १/२ + १/३ याचे उत्तर २/५ असे लिहिले. त्यावर ॲप म्हणाले, ‘अरे वा! खूपच सुंदर प्रयत्न! तुम्ही उत्तराच्या अगदी जवळ आहात.’ (अकरा वर्षांच्या मुलीला ‘तुम्ही’ म्हणणारा मास्तर तिने तरी आजवर पाहिलेला नाही.) त्यानंतर छेद समान करणे, ल.सा.वि. ६, मग ३/६ + २/६ आणि शेवटी ५/६, अशी स्वच्छ पायरीवार उकल आली. गणित म्हणून त्यात काहीच चूक नव्हती. पण २/५ हे ५/६ च्या जवळ नाही, आणि ‘सुंदर’ म्हणताना त्या प्रयत्नात नेमके काय होते हे ॲपने पाहिलेच नव्हते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणाऱ्या मुलाने पूर्ण संख्यांचा नियम इमानाने पुढे नेलेला असतो. त्याच्या चुकीत तर्क असतो. जाणता शिक्षक अशा वेळी शाबासकीही देत नाही आणि उकलही सांगत नाही. तो विचारतो, ‘अर्ध्या भाकरीत आणखी एक तुकडा घातला, तर आता भाकरी अर्ध्याहून जास्त झाली की कमी?’ मग २/५ हे तर अर्ध्यापेक्षाही कमी आहे, हे मुलाच्या आपणहून लक्षात येते आणि ते स्वतःच खोडरबर शोधू लागते. या प्रश्नात एकही गोड शब्द नाही. तरीही मुलाचा मान त्यात जास्त राखला जातो, कारण आपली चूक आपल्याला पकडता येईल असा विश्वास त्यामागे असतो.

गंमत अशी की, ‘हिने २/५ का लिहिले असेल?’ असे मी स्वतः ॲपला विचारले, तेव्हा त्याने वरचे सगळे कारण बिनचूक सांगितले. म्हणजे समज त्याच्यापाशी आहे. मुलाशी बोलताना ती आधी वापरावी आणि कौतुक मागे ठेवावे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

भावना ओळखण्याचा दावाही याच जागी लंगडा पडतो. एकदा वैतागून भाचीने ‘मी ढ आहे, मला गणित येणारच नाही’ असे लिहिले. ॲपने वैताग ओळखला, हे मान्य केले पाहिजे. पुढे मात्र ‘असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, तुम्ही एकटे नाही आहात’ असा दिलासा, दीर्घ श्वास घेण्याची सूचना आणि एक पिवळा हसरा चेहरा एवढेच आले. अकरा वर्षांचे मूल असा दिलासा वाचतही नाही, बोटाने वर सरकवते. याच मुलीने आदल्या संध्याकाळी याच धड्यातली गणिते बरोबर सोडवली होती आणि त्याची पायरीन् पायरी ॲपच्या नोंदीत होती. आमच्याकडच्या एखाद्या बाईंनी ‘कालची वही काढ बघू’ म्हणून तिचीच बरोबर आलेली उदाहरणे तिच्यापुढे ठेवली असती. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची कालची वही लक्षात ठेवणे शिक्षकाला अवघड जाते. यंत्राला ते सहज जमण्यासारखे आहे. ज्या एका गोष्टीत ते आमच्या पुढे जाऊ शकते, तीच त्याने सोडून द्यावी याचे मला फार आश्चर्य वाटले.

दुसरी अडचण घाईची आहे. भाची जरा अडली की ॲप लगेच सोपे उदाहरण पुढे करते. अमेरिकेत मेम्फिस विद्यापीठात आर्ट ग्रेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑटोट्यूटर’ ही संगणकीय शिकवणी घडवताना विद्यार्थ्यांच्या कंटाळ्याचा, गोंधळाचा आणि वैतागाचा बारकाईने अभ्यास केला. गोंधळ ही शिकण्याला पोषक अवस्था ठरू शकते, कंटाळा मात्र घातक, असे त्यांना आढळले. म्हणजे भावना ओळखून ती ताबडतोब शमवणे हे नेहमीच हिताचे नसते. काही गोंधळ मुलाला भोगू द्यावा लागतो आणि तो वैतागाकडे कलू लागला की मगच हात द्यावा लागतो. आवाजी संवादात तर ही घाई खटकतेच. मूल क्षणभर थांबले की त्याचे बोलणे संपले असे यंत्र धरते आणि स्वतः सुरू होते. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तरी उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. आम्हा शिक्षकांची ही जुनी खोड ॲपने जशीच्या तशी उचलली आहे. सेटिंगमध्ये थांबण्याची वेळ वाढवण्याची सोय असती, तर मी या त्रुटीबद्दल एवढे लिहिले नसते.

हे गोडबोलेपण कोठून येते, याचे उत्तर प्रशिक्षणाच्या पद्धतीत सापडते. या प्रारूपांची उत्तरे माणसांकडून पसंत-नापसंत करून घेतली जातात आणि जे आवडते ते अधिक घडते. एप्रिल २०२५ मध्ये ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला आपल्या जीपीटी-४ओ प्रारूपातला एक बदल अशाच खुशामतखोरीमुळे काही दिवसांत मागे घ्यावा लागला होता. वर्गात प्रत्येक वाक्यानंतर मूल शिक्षकाला पसंतीचा अंगठा दाखवत नाही. शिक्षकाचे बरेचसे चांगले काम त्या क्षणी मुलाला नकोसेच वाटते आणि त्याचे फळ पुढच्या इयत्तेत दिसते.

सर्वांत जास्त राग मला ॲपकडून फोनवर येणाऱ्या सूचनांचा आला. एक दिवस खंड पडला की ‘मला तुझी आठवण येत होती’ असा संदेश येतो (येथे मात्र ‘तू’ बरोबर आठवतो) आणि सलग दिवसांची साखळी तुटल्याचे रडके चित्र दिसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखायला जातात, हे पाहिले तेव्हा कुरणावरच शाळा नेली. गैरहजेरीमागे मुलाचा दिवस कसा जातो हे त्यांनी आधी समजून घेतले. आमच्या घरी फोन एकच असून तो भाऊजींबरोबर कामावर जातो. ॲपने हे कधीच विचारले नाही, अपराधीपण मात्र मुलीच्या पदरात टाकले. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा साधा संवादी प्रोग्रॅम जाहीर केला, तेव्हा तो कसा बनला हे ठाऊक असलेली त्यांची सचिवही त्याच्याशी मोकळेपणी बोलता यावे म्हणून त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगू लागली होती. मोठ्यांची ही गत असेल, तर लहान मुलाला ‘आठवण येते’ असे यंत्राकडून सांगवणे मला गैर वाटते.

चेहऱ्यावरून मनःस्थिती ओळखण्यासाठी कॅमेरा चालू ठेवा, अशी विनंतीही ॲप करते. ती आम्ही नाकारली. युरोपीय संघाने शिक्षणसंस्थांमध्ये यंत्राद्वारे भावना ताडण्यावर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. वर दाखवल्याप्रमाणे मुलाची अडचण चेहऱ्यापेक्षा त्याच्या खाडाखोडीत अधिक स्पष्ट दिसते, आणि ती वाचायला कॅमेरा लागत नाही.

घ्यावे का? घरात गणिताला बसवणारे कोणी नसेल आणि मूल वर्गात बोलायला बुजत असेल, तर जरूर घ्यावे, पण वर्षाची वर्गणी न भरता महिन्याची भरावी. सूचना, साखळी आणि कॅमेरा पहिल्याच दिवशी बंद करावेत. ॲपने कसे वागावे हे सुरुवातीला लिहून देण्याच्या चौकटीत ‘कौतुक करू नकोस, उत्तर चुकले तर आधी ते कसे काढले ते विचार, मगच पुढे जा’ असे मराठीत लिहून ठेवावे. आम्ही तसे लिहिल्यापासून ‘अरे वा’ बरेच कमी झाले आहे आणि परवा दशांश अपूर्णांकांच्या वजाबाकीत ॲपने तिला आपणहून विचारले, ‘हा हातचा कुठून आणलास?’