रंगाखालचा कटर बार: जुन्या ट्रॅक्टरला गवत कापायचं यंत्र घेताना कुठे फसवलं जातं

गोठ्यात दहा-बारा जनावरं, दोन एकर लसूणघास, थोडं कडवळ आणि पाऊस सरला की कापायचं माळावरचं मारवेल-पवन्याचं गवत. दारात 35 एचपीचा जुना, सिंगल क्लचचा ट्रॅक्टर. विळ्याने कापायला माणूस मिळेनासा झाला की असा शेतकरी कटर बारच्या, म्हणजे आडव्या दांड्यावर पाती डावी-उजवीकडे पळवून गवत कापणाऱ्या यंत्राच्या, शोधात निघतो, आणि घाईत असल्यामुळे नेमका गाठला जातो.

अशाच एका व्यवहारात जुनं यंत्र ‘पाच फुटी, परदेशी गिअरचं, दोनच हंगाम वापरलेलं’ असं सांगून 85,000 रुपयांना विकलं गेलं. रंग कोरा करकरीत. विक्रेत्याने ते लिफ्टवर उचललं, पीटीओ (इंजिनाची ताकद यंत्राला देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा) टाकला, हवेत पातं झरझर पळालं आणि पैसे दिले गेले. शेतात उभ्या लसूणघासात यंत्र जेमतेम चाळीस फूट चाललं आणि बारमध्ये घास गच्च भरला. उपसून पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. शेवटी बार खोलला. त्यात जे निघालं ते इथे सविस्तर देत आहोत, कारण हवेत फिरणाऱ्या पात्यावरून या यंत्राबद्दल काहीही कळत नाही.

आधी लांबी. कटर बारचं एक त्रिकोणी पातं 3 इंच, म्हणजे 76.2 मिमी रुंद असतं. पाच फुटी बारला 20 पाती हवीत, सहा फुटीला 24. या बारला निघाली 18, म्हणजे साडेचार फूट. टेप नसली तरी खाली वाकून पाती मोजता येतात. टेप लावायचीच तर आतल्या शूपासून बाहेरच्या शूपर्यंत लावा (शू म्हणजे बारच्या टोकाचा जमिनीवर टेकणारा लोखंडी तळ). कापलेलं गवत आत वळवणारी जी फळी बाहेरच्या टोकाला असते, ती धरून माप सांगितलं जातं. ते मानू नका.

खरा घात नाईफच्या पट्टीत होता, म्हणजे सगळी पाती जिच्यावर बसवलेली असतात त्या सरकत्या पट्टीत. मूळ पट्टी मोडलेली असावी. तिच्या जागी कुठेतरी ड्रिल मारून केलेली पट्टी बसवली होती आणि तिच्यावर पाती 75 मिमी अंतराने रिव्हेट केलेली होती. बोटं मात्र, म्हणजे बारला पक्की बसवलेली टोकं, दुकानात ज्यांना फिंगर किंवा गार्ड म्हणतात ती, 76.2 मिमीवरच. एका पात्याला फरक सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही, डोळ्याला दिसत नाही. पण तो साठत जातो. ट्रॅक्टरकडचं पहिलं पातं बोटाच्या बरोबर मध्यावर आणि बाहेरचं शेवटचं पातं 20 मिमी सरकलेलं. पातं एका बोटाच्या मध्यापासून निघून शेजारच्या बोटाच्या मध्यापर्यंत पोचलं, तरच मधलं सगळं गवत कापलं जातं. अर्ध्यात थांबलं तर काडी दुमडते, पातं आणि बोट यांच्यामध्ये शिरते, आणि तिच्यामागे सगळा घास अडकतो.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात ठेवा, नाईफ पळवणारं क्रँकचं चाक हाताने फिरवा. नाईफ एका टोकाला पोचली की बारच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या अशा तीन ठिकाणी पात्याची मधली रेघ बोटाच्या मध्यावर येते का ते बघा. मग दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा बघा. तिन्ही ठिकाणी सारखाच आणि एकाच बाजूला फरक असेल तर तो पिटमनच्या (क्रँकचं चाक आणि नाईफ जोडणाऱ्या दांड्याच्या) लांबीत किंवा बार सरकवून जुळवता येतो. आत जुळलेलं आणि बाहेर सरकत गेलेलं असेल तर पट्टीच चुकीची आहे. ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा केल्याशिवाय पुढे बोलू नका.

बोटाच्या आत एक छोटी पोलादी पट्टी असते. पातं ही कात्रीची एक धार, तर ही पट्टी दुसरी. नव्या पात्यांकडे बोट दाखवून ‘ब्लेड कोरे आहेत’ म्हणतात, पण दुसरी धार गोल झालेली असेल तर कोरं पातंही गवत चावतं, कापत नाही. या यंत्रात तिच्यावरही रंग फिरवलेला होता. रंग खरवडल्यावर कडा पेन्सिलीच्या पाठीसारखी गोल निघाली. वरून नाईफ दाबून धरणाऱ्या क्लिपाही सैल होत्या, खालून सहज चावी जात होती. तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट हवी आणि नाईफ हाताने सरकायला हवी. फट जास्त असेल तर पातं उचललं जातं आणि काडी खालून निसटते.

पाती दातेरी होती. धान कापणीच्या यंत्राची दातेरी पाती वाळल्या ताठ काडीला चांगली, पण कोवळ्या रसदार लसूणघासात दात्यांत चीक भरतो. लसूणघासाला गुळगुळीत धारेची पाती घ्या.

सगळ्यात धोक्याची गोष्ट मात्र कापणीशी संबंधित नव्हती. बार दगडाला किंवा बांधाच्या खुंटाला अडकला की मागे झुकून मोकळा व्हावा, यासाठी स्प्रिंगचा एक खटका असतो. इथे स्प्रिंग थकलेली, खटका सारखा सुटत असणार. म्हणून कोणीतरी तो वेल्डिंगने कायमचा बंद केला होता. रंगाखाली वेल्डिंगची खडबडीत वळी बोटाला लागत होती. असा बार माळावर दगडाला भिडला तर नाईफचं डोकं तुटतं किंवा फ्रेम वाकते, आणि जुन्या हलक्या ट्रॅक्टरला एका बाजूला जोराचा हिसका बसतो. चालवणाऱ्याचा जीव यात आहे. खटका तपासायला बारचं बाहेरचं टोक धरून मागे जोराने ओढा. सुटलाच पाहिजे आणि ट्रॅक्टर थोडा मागे घेतल्यावर परत बसलाच पाहिजे. वेल्ड केलेलं यंत्र फुकट मिळालं तरी तसंच वापरू नका.

बार ट्रॅक्टरच्या दिशेशी अगदी काटकोनातही नसावा. कापताना गवताच्या जोराने बाहेरचं टोक मागे रेटलं जातं, म्हणून ते आधीच थोडं पुढे ठेवतात: मीटरला साधारण 20 मिमी, पाच फुटीला 30 मिमी. मागच्या ॲक्सलला समांतर दोरी ताणा, बाहेरचं टोक हाताने मागे ओढून ढिलाई काढा आणि मग मोजा. टोक मागे पडलेलं असेल तर पिन आणि बुश झिजलेले आहेत. अशा बारला पिटमन तिरका ओढतो आणि नाईफ वारंवार मोडते.

आता ट्रॅक्टरकडे. ‘तुमच्या ट्रॅक्टरला ताकद पुरायची नाही, मोठं, गोल फिरणाऱ्या पात्यांचं रोटरी घ्या’ असं सांगून महाग माल गळ्यात मारतात. कटर बारला ताकद फार कमी लागते, एक मीटर रुंदीला सुमारे 1.2 किलोवॅट. पाच फुटी बार 25 एचपीचा ट्रॅक्टरही सहज चालवतो. एचपीपेक्षा क्लच विचारा. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. घास अडकू लागला की ट्रॅक्टर थांबवून नाईफ चालू ठेवता येत नाही, ती घासातच थांबते. तेव्हा पीटीओ काढून ट्रॅक्टर दोन फूट मागे घ्यावा, बार मोकळा झाला की पीटीओ टाकून पुढे जावं. उपसायचंच असेल तर इंजिन बंद करूनच. हे विक्रेता सांगत नाही, कारण सांगितलं तर डबल क्लच नसलेलं गिऱ्हाईक विचारात पडतं.

पीटीओचे फेरे 540 भरतात का, हे साध्या डिजिटल टॅकोमीटरने मोजा. या यंत्रात ट्रॅक्टरकडची पुली मापापेक्षा लहान बसवलेली होती. त्यामुळे क्रँकचे फेरे कमी, म्हणून हवेत थरथर कमी आणि यंत्र ‘मऊ’ वाटतं. शेतात तेच यंत्र ओळीने झुपके सोडून जातं. शिवाय लिफ्टच्या खालच्या पिना 22 मिमीच्या आहेत की 28 च्या, आणि बार उभा करणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरला तेलाच्या दोन नळ्या लागतात का, हे आधी बघा. जुन्या ट्रॅक्टरवर तेलाचा एकच पॉइंट असेल तर वेगळा व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

नव्या यंत्रात फसवणूक अनुदानाच्या नावाने होते. ‘आत्ता घेऊन टाका, अनुदान मागून येईल’ हे खोटं आहे. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी, हाच क्रम आहे. पूर्वसंमतीआधीच्या बिलावर आणि जुन्या यंत्रावर अनुदान मिळत नाही. यंत्राचा तपासणी अहवाल मागा आणि त्यातलं मॉडेल व बिलातलं मॉडेल अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

फोटो पाहून क्यूआर कोडवर आगाऊ रक्कम पाठवू नका. पाठवून फसलात तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. समोरासमोरच्या व्यवहारात फसलात तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीवर तिथे शुल्क नाही. त्यासाठी बिल हवं. ‘जुने कटर बार, 1 नग’ एवढंच लिहून घेऊ नका. पात्यांची संख्या, दोन पात्यांमधलं अंतर, बारची लांबी, पीटीओचे फेरे आणि ‘खटका चालू स्थितीत’ हे शब्द विक्रेत्याच्या सहीने बिलावर घ्या, आणि पैसे देण्याआधी तुमच्याच ट्रॅक्टरला जोडून तुमच्याच उभ्या घासात दोन फेऱ्या मारायला लावा.