आरआरॅम, पीसीएम की फेफेट? न्यूरोमॉर्फिक प्रकल्पासाठी मेमरी निवडताना

एमटेक-पीएचडीसाठी मेंदूच्या धर्तीवरच्या संगणनाचा विषय घेतला, की आधी ठरवावं लागतं ते मेमरीचं. आरआरॅम (ऑक्साइडच्या थराचा रेझिस्टन्स बदलून साठवणारी), पीसीएम (पदार्थाची स्फटिक-अमॉर्फस अवस्था बदलून साठवणारी) आणि फेफेट (गेटमध्ये फेरोइलेक्ट्रिक थर असलेला ट्रान्झिस्टर) या तिन्हींत क्रॉसबारचं, म्हणजे सेलच्या ओळी-स्तंभांच्या जाळीचं, गणित सारखंच आहे. ओळीला व्होल्टेज द्यायचं, सेलची कंडक्टन्स (करंट वाहू देण्याची क्षमता) म्हणजे न्यूरल नेटवर्कचं वेट, आणि स्तंभात जमा होणारा करंट म्हणजे गुणाकारांची बेरीज. फरक आहे तो खोडींचा. शोधनिबंधातल्या सर्वांत देखण्या सेलचा आलेख बाजूला ठेवा आणि कुठली खोड आपल्याला परवडेल ते पाहा.

आरआरॅम बनवायला सर्वांत सोपी. खाली टायटॅनियम नायट्राइड, त्यावर एएलडीने (अणूंचा एकेक थर चढवण्याच्या पद्धतीने) ५ ते १० नॅनोमीटर हाफ्नियम ऑक्साइड, वर ऑक्सिजन ओढून घेणारा टायटॅनियमचा थर. पहिल्यांदा २-३ व्होल्टला फॉर्मिंग केलं की ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा फिलामेंट, म्हणजे करंट वाहणारा बारीक धागा, जुळतो. पुढचं सेट-रिसेट, म्हणजे हा धागा जोडणं आणि तोडणं, १ व्होल्टच्या आसपास होतं. नवख्यांचे नमुने मरतात ते फॉर्मिंगमध्येच. मोजणीच्या ॲनालायझरवर कंप्लायन्स (करंटची कमाल मर्यादा) १०० मायक्रोअँपिअर लावलेला असतो, तरी सेल शॉर्ट. फिलामेंट नॅनोसेकंदांत जुळतो आणि उपकरणाला करंट आवरायला मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात केबलच्या कपॅसिटन्समधला चार्ज सेलमधून वाहून जातो, फिलामेंट जाड होतो, मग रिसेट होत नाही. स्क्रीनवरचा आकडा कमी करून फारसा फरक पडत नाही. सेलला लागूनच ट्रान्झिस्टर हवा, तो जमत नसेल तर निदान वेफरवरच सिरीज रेझिस्टर.

दुसरी खोड म्हणजे त्याच सेलला तोच पल्स दिला तरी कंडक्टन्स दरवेळी थोडी वेगळी येते. म्हणून लिहायचं, वाचून तपासायचं, पुन्हा लिहायचं. शिवाय सेट एकदम होतो आणि रिसेट हळूहळू, त्यामुळे चिपवरच ट्रेनिंग करायचं म्हटलं की वेट एकाच बाजूला घसरत जातात. आधीच शिकवलेलं नेटवर्क चालवण्यापुरतं मात्र छान जमतं. २०२२च्या न्यूरॅम चिपने सुमारे ३० लाख सेलवर ते दाखवलं.

पीसीएममध्ये जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियमचा मिश्रधातू सुमारे ६०० अंशांवर वितळवून झटकन गार केला की रेझिस्टन्स चढतो. लहान लहान पल्सनी स्फटिक वाढवले की टप्प्याटप्प्याने उतरतो. ॲनालॉग पातळ्या इथे चांगल्या मिळतात. मात्र अमॉर्फस भागाचा रेझिस्टन्स आपोआप वाढत राहतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात; रेझिस्टन्स वेळेच्या एका घातांकाने वाढतो. तो घातांक ०.०५ धरा: लिहिल्यानंतर पहिल्या सेकंदाला जो रेझिस्टन्स होता, तो दिवसभराने साधारण पावणेदोन पट झालेला असतो. सगळ्या सेलचा घातांक सारखा असता तर एका गुणकाने भागलं असतं; तसा तो नसतो, म्हणून गुणकाने सरासरी सावरते, सेलगणिक पसारा तसाच राहतो. इंटेलने २०२२मध्ये पीसीएमच्याच जातीची ऑप्टेन मेमरी गुंडाळली, त्यावरून पीसीएम संपली असं मानू नका. पुढच्याच वर्षी आयबीएमने ६४ कोअरची पीसीएम चिप मांडली. खरी अडचण टेल्युरियमची आहे, त्याने इतरांचे नमुने दूषित होऊ शकतात: सामायिक क्लीनरूममध्ये (चिप बनवण्याच्या धूळमुक्त प्रयोगशाळेत) ते चेंबरजवळ आणू देतात का, हे आधी विचारा.

फेफेट वीज सर्वांत कमी खाते, कारण लिहायला गेटवर फक्त व्होल्टेज लागतं. हाफ्नियम-झिर्कोनियम ऑक्साइड निम्मे-निम्मे, १० नॅनोमीटरच्या आसपास, आणि ४०० ते ६०० अंशांवर ॲनिलिंग (तापवून स्फटिक घडवणं). फसवणूक होते ती मोजणीत. एन-चॅनेल फेफेटचा ड्रेन करंट-गेट व्होल्टेज लूप घड्याळाच्या उलट फिरला तर ती फेरोइलेक्ट्रिसिटी. घड्याळासारखा फिरला तर तुम्ही पाहताय तो इंटरफेसवर अडकलेला चार्ज. हाच चार्ज आयुष्यही खातो: सिलिकॉनवरच्या फेफेटची सहनशक्ती बहुधा १० हजार ते १० लाख चक्रांच्या घरात असते.

पहिलाच प्रकल्प असेल आणि हाताशी दोन वर्षं असतील तर आमचं मत सरळ आरआरॅमला. पीसीएम तेव्हा घ्या, जेव्हा कुणाच्या तयार ॲरेवर काम करायला मिळतंय. फेफेट ज्याला डिव्हाइस फिजिक्सच आवडतं त्याच्यासाठी. स्वतःची क्लीनरूम नसेल तर आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम) कार्यक्रमातून आयआयटी मुंबईच्या सुविधा बाहेरच्या संशोधकांनाही मिळतात.

मेमरी कुठलीही घ्या, ॲरे लहान ठेवा. २५६ ओळी, प्रत्येक सेल १० मायक्रोसीमेन्स, वाचन ०.२ व्होल्टला: स्तंभात सुमारे ५१२ मायक्रोअँपिअर. दोन सेलमधल्या तारेला १ ओहम जरी धरला तरी टोकाच्या सेलपर्यंत ६५ मिलिव्होल्ट तारेतच जातात, म्हणजे वाचनाच्या व्होल्टेजचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ६४ बाय ६४ला हाच आकडा ४ मिलिव्होल्टवर येतो.